कंद तेवढा ठेव

डोंबिवलीच्या निखिलने रानात पाऊल टाकायच्या आधीच रानाचं सगळं सामान घेऊन ठेवलं होतं. कार्बन स्टीलचा सुरा, घासली की ठिणग्या पाडणारी सळई, दोन झाडांना बांधायचा झोका, पॅराशूटची दोरी, घडीचा गळ, त्याचं रीळ आणि डबीभर रबरी मासे. दिवसभर ऐरोलीच्या ऑफिसात स्क्रीन आणि रात्री घरी पुन्हा स्क्रीन, एवढंच की रात्रीच्या स्क्रीनवर जंगल असायचं. कॅनडाचे मॉर्स कोचान्स्की, इंग्लंडचे रे मिअर्स यांचं बोलणं त्याला जवळजवळ पाठ होतं. ही माणसं आपल्या विषयातली मोठी जाणकार, त्यात शंका नाही. पण कोचान्स्कींचं रान उत्तरेकडचं, बर्फाचं. तिथे भूर्जाची तेलकट साल ओली असली तरी पेटते, म्हणून ती सोलून खिशात ठेवायला शिकवतात. सह्याद्रीत भूर्ज नाही. त्यासाठी हिमालय गाठावा लागतो. निखिलच्या हे ध्यानात आलं नव्हतं, कारण खिडकीबाहेरच्या झाडाचंही नाव त्याला ठाऊक नव्हतं. (करंज होता तो.)

"रान शिकायचंय तर बुधीआजीला विचार ना," आई म्हणाली.

बुधीआजी ठाकर समाजातली. कर्जतच्या पुढून पहाटेची लोकल पकडून डोंबिवली स्टेशनबाहेर पानांवर रानभाज्या मांडून बसायची. निखिलचं घर सीकेपी, त्यामुळे पहिल्या पावसाबरोबर शेवळं घरात आली नाहीत तर आईला काहीतरी चुकल्यासारखं वाटायचं. ती वर्षानुवर्षं आजीकडूनच जुड्या घ्यायची. निखिलही वर्षानुवर्षं सोडे घातलेली शेवळांची भाजी ओरपत आला होता, पण शेवळं म्हणजे नेमकं काय, मूळ, खोड की फूल, हा प्रश्न त्याला कधी पडला नव्हता. ते फूल असतं. म्हणजे फुलोरा, अजून न उघडलेला.

जूनच्या पहिल्या आठवड्यातल्या एका शनिवारी पाठीवर भलीमोठी सॅक घेऊन तो कर्जतला उतरला, कशेळ्यावरून खांडसकडे जाणारी एसटी धरली आणि भीमाशंकरच्या डोंगराच्या पायथ्याशी असलेल्या आजीच्या वाडीवर पोचला. आजीनं त्याच्याकडे पाहिलं, मग सॅककडे पाहिलं, आणि विचारलं, "किती म्हयनं ऱ्हाणार?"

"उद्या संध्याकाळी जाणार, आजी."

ती काही बोलली नाही. कोयता कमरेच्या आकडीत अडकवला आणि चालायला लागली. मागून तिचा नातू काळू, बारा-तेरा वर्षांचा.

निखिलनं शिकायची पद्धत ठरवूनच आणली होती. हिरवं काही दिसलं की फोटो काढायचा आणि विचारायचं. बांधाच्या कडेला, एका देठाला पानांच्या तीन जोड्या असलेली इवलीशी रोपं दाटीनं उगवली होती.

"आजी, हे खातात का?"

"कवा?"

"म्हणजे... हे खाण्याजोगं आहे का?"

"कवा, ते सांग ना."

तो टाकळा होता. आज कोवळा आहे, पानं खुडून कांदा-लसणावर परतली की भाजी. श्रावण सरता सरता निबर होतो, मग त्याला कोण विचारतंय! पुढे शेंगा धरतात, त्यातलं बी वाळवून भाजलं तर कॉफीसारखं कडवट पेय होतं. सांजेला त्याची पानं मिटतात, म्हणून ओळखीची खात्री करायची असेल तर दिवस मावळताना येऊन बघावं. निखिलच्या फोनवरच्या ॲपनं झाडाचं लॅटिन नाव बिनचूक सांगितलं होतं, 'खाद्य' असा हिरवा शिक्काही मारला होता. कोणत्या महिन्यात, हे त्यात नव्हतं. दिवसभर असंच चाललं. त्याचा प्रश्न 'काय', तिचं उत्तर 'कवा'. कुर्डू आत्ता, भारंगी जरा पुढं, आणि कडू कंद? त्याचे तर काप करून राखेच्या पाण्यात उकडायचे, मग टोपलीत घालून रातभर वाहत्या ओहळात ठेवायचे. काल विष होतं, उद्या जेवण.

दुपारी वाडीवर परतले आणि आभाळ फाटलं. निखिल मनातून खूश झाला, कारण पावसात जाळ पेटवायचा प्रसंग त्याला हवाच होता. त्यानं झाडाखाली ओल्या काटक्या रचल्या, सुऱ्यानं त्यांची साल तासली, गुडघ्यावर बसून सळई घासली. ठिणग्या सुरेख पडत होत्या आणि ओल्या भुशात विझत होत्या. काळू उकिडवा बसून मोठ्या आदरानं बघत राहिला. शेवटी आजीची सून घरातून चुलीवरच्या माळ्यावरची मूठभर सुकी फाटी घेऊन आली, एक काडी ओढली, जाळ झाला.

"पावसात जाळ कसा लावायचा, हे शिकवा ना," निखिल म्हणाला.

"पावसात नाय लावत, दादा," ती म्हणाली. "चैतातच लावून ठेवायचा."

चैत्र-वैशाखात वाडीतल्या बाया डोंगरावरून मोळ्या आणतात आणि छपराखाली रचतात, ते या दिवसासाठी. उघड्या रानात अडकलात तर वाकलेल्या खडकाखाली, जाळीच्या पोटात, झाडावरच वाळून उभी राहिलेली फांदी शोधायची. जमिनीवर पडलेली नाही, ती पाणी पिऊन बसलेली असते. हेही तिनंच सांगितलं, पण भाकरी थापता थापता, जणू त्यात सांगण्यासारखं काही नव्हतं.

रविवारी पहाटे आजी त्याला शेवळांच्या उतारावर घेऊन गेली. हा उतार म्हणजे तिच्या जून महिन्याची कमाई. साग-ऐनाच्या सावलीत, पाचोळ्यातून, एकही पान नसलेले तपकिरी-जांभळट कोंब टोकदार भाल्यांसारखे सरळ वर आले होते. पावसाच्या पहिल्या एक-दोन सरींनी हे उठतात आणि दोन-तीन आठवड्यांत आटोपतात. आजी वाकायची, कोंब जमिनीलगत धरून हलकेच पिरगळायची आणि खुडायची. निखिलला सुऱ्याचा उपयोग अखेर सापडला. त्यानं एका कोंबाभोवती खणलं आणि खालचा गरगरीत कंद उपटून विजयी मुद्रेनं वर धरला.

आजीनं तो त्याच्या हातातून काढून घेतला, खड्ड्यात ठेवला, टाचेनं माती दाबली.

"कंद तेवढा ठेव. खालचं काढलंस तर फुडल्या सालाला काय खाशील, माती?"

जे कोंब उघडून फुलले होते त्यांनाही ती हात लावत नव्हती. त्यांना कुजकट वास मारत होता, किडे-माश्या घोंघावत होत्या. त्या वासावरच तर किडे येतात आणि बी धरतं. फुलोरा सरला की त्याच कंदातून एकच पान उठतं, ठिपक्यांच्या देठावर छत्री उघडल्यासारखं. पावसाळाभर ते पान खालचा कंद पोसतं आणि पाऊस संपला की वाळून जातं. बाकीचे महिने सगळा कारभार मातीच्या आत. वाडीतल्या आणखी चार बाया मागून येणार होत्या, त्यांच्या वाटणीचंही आजीनं उभं ठेवलं. हे सगळं तिनं सांगितलं नाही. ती पुढे जात राहिली आणि मागे पाहिल्यावर उतार अजून भरलेला दिसला, एवढंच.

निखिल भारावून गेला. त्यात खोटं काही नव्हतं. रात्रीच्या लोकलमध्ये बसून त्यानं उताराचा छोटासा व्हिडिओ जोडला. मागे पाऊस, पुढे कोंब, त्यावर मोठ्या अक्षरांत 'मुंबईपासून अडीच तासांवर फुकटची जंगली मेजवानी', आणि खाली नकाशावरची खूण. झोपायच्या आधी हजारभर लोकांनी पाहिला होता. आठवडा संपेतो आकडा लाखावर गेला. शेकडो अनोळखी लोकांनी 'भावा, आम्हीपण येतो' म्हणून लिहिलं, त्यानं प्रत्येकाला हसरा चेहरा पाठवला.

पुढचे शनिवार-रविवार ऑफिसच्या कामात गेले. तो पुन्हा वाडीवर आला तेव्हा आषाढ लागला होता. एसटी थांब्यावर काळू भेटला.

"दादा, तुमची माणसं आली होती."

"माझी कुठली माणसं?"

"गाड्या घेऊन. लय होती."

उतारावर जाईपर्यंत काळू आणखी काही बोलला नाही. जिथे आता गुडघाभर उंचीच्या छत्र्यांनी जमीन झाकून जायला हवी होती, तिथे खड्डे होते. खड्ड्यांत पाणी साचलेलं. मधेमधे एखादं ठिपकेदार देठाचं पान चुकून उरलेलं. लोकांनी कोंब तर नेलेच, पण 'मुळासकट घ्या, घरी कुंडीत लावा' असं कोणीतरी खाली लिहिलं होतं, त्यामुळे कंदही उपसले होते. काहींनी तिथेच स्टोव्ह पेटवून शिजवून पाहिले. शेवळात, आणि त्याच्या कंदात तर जास्तच, कॅल्शियम ऑक्झलेटचे सुईसारखे स्फटिक असतात. ते घशाला टोचतात. म्हणून तर सुगरण बाई हाताला तेल लावून शेवळं साफ करते, बुडाचा पिवळा भाग काढून टाकते आणि काकडाची आंबट फळं, नाहीतर चिंच-आमसूल घातल्याशिवाय ती शिजवत नाही. निखिलच्या आईला हे झोपेतही सांगता आलं असतं. पाहुण्यांना कोणी सांगितलं नव्हतं, व्हिडिओतही नव्हतं. त्यांचे घसे खवखवले, तेव्हा उरलेल्या कंदांच्या पिशव्या त्यांनी ओहळाकाठच्या झुडपांत रिकाम्या केल्या आणि निघून गेले.

इथे एक गोष्ट सांगायला हवी, कारण 'जंगल सगळ्यांचं' असं शहरात फार सहज म्हटलं जातं. २००६ च्या वनहक्क कायद्यानं गौण वनोपज गोळा करण्याचा आणि विकण्याचा हक्क दिला, तो पिढ्यान्‌पिढ्या जंगलावर जगणाऱ्यांना. सुट्टीला आलेल्यांना नाही. आणि अभयारण्याच्या हद्दीत शिरलात, तर १९७२ चा वन्यजीव संरक्षण कायदा लागतो. वर भीमाशंकरला अभयारण्यच आहे. फुकटची मेजवानी म्हणावी असं त्या डोंगरावर काही नव्हतं. त्या उतारावरच्या जुड्यांतून आजीच्या घरी मीठ-मसाला आणि काळूची वह्यापुस्तकं यायची.

आजी ओटीवर बसून विळीवर भाजी चिरत होती. निखिल समोर उभा राहिला. काय बोलावं ते त्याला सुचेना.

"ती माणसं तुझ्या वळखीची व्हती का रं?"

"नाही, आजी."

"मंग त्यांना सांगितलंस कशाला?"

याला उत्तर नव्हतं. व्हिडिओ त्यानं तिथल्या तिथे काढून टाकला, पण तोपर्यंत त्याच्या नकला दहा ठिकाणी फिरत होत्या. मग त्यानं पाकिटातले होते तेवढे पैसे काढून तिच्यापुढे ठेवले. गोष्टींमधल्या आज्या अशा वेळी पैसे परत सारतात. बुधीआजीनं ते मोजले आणि कनवटीला लावले. तिचा जवळजवळ अख्खा हंगाम बुडाला होता, आणि हिशेब हिशेबाच्या जागी. मग म्हणाली, "ह्ये झालं माझं. आता डोंगराचं बघ."

तो शनिवार आणि रविवार निखिल नि काळू ओहळाकाठच्या झुडपांत फेकलेले कंद वेचत फिरले. मोठे बहुतेक कुजले होते, लहान बरेच टणक निघाले. महागड्या सुऱ्यानं निखिल खड्डे खणत होता, काळू कंदाची डोळ्याची बाजू वर करून बसवत होता आणि वर पाचोळा ओढत होता. झोका, दोरी, रबरी मासे सॅकमध्येच राहिले. एका खड्ड्याशी पांढुरका, फाट्यासारखा दुभंगलेला कंद सापडला. निखिलनं तो इतर कंदांच्या टोपलीत टाकला, आणि मागून आलेल्या आजीनं त्याच्या मनगटावर फटका मारला.

"कळलावी हाय ती! हात धू आधी."

जवळच कुंपणावर तिचा वेल चढला होता, पानांची टोकं वेटोळी होऊन काटक्यांना धरून बसलेली, आणि ज्वाळेसारखी लाल-पिवळी फुलं. दिसायला सबंध डोंगरात तिच्याइतकं देखणं काही नाही. तिच्या कंदात कोल्चिसीन असतं. तेच द्रव्य डॉक्टर मिलिग्रॅमच्या हिशेबानं संधिवाताच्या एका प्रकारावर देतात. कंद खाल्ला तर माणूस दगावतो. रताळं किंवा रानकंद समजून खाल्ल्यानं जीव गेल्याच्या घटना आपल्या देशातही घडल्या आहेत आणि श्रीलंकेतही. उतारावर स्टोव्ह पेटवणाऱ्यांपैकी कोणी हा कंद भांड्यात टाकला नाही, हे त्यांचं नशीब. मला विचाराल तर फोटो पाहून ओळखणाऱ्या ॲपवर विसंबून जमिनीखालचं काहीही खाऊ नये. आळंब्यांच्या बाबतीत तर वाडीतल्या जाणत्या बाईनं स्वतः शिजवून स्वतः खाल्ल्याशिवाय चमचा उचलू नये.

संध्याकाळी काळूनं त्याला ओहळावर नेलं. त्याच्या हातात बांबूची काठी, दोरा, गळ आणि करवंटीत गांडुळं. निखिलला वाटलं होतं, मासेमारी म्हणजे गळ दूर फेकणं. काळूनं आधी बघायला लावलं. पाणी खळाळतं तिथे नाही, तर मोठ्या धोंड्याच्या मागे जिथे ते संथ होतं तिथे मासा तोंड वरच्या धारेकडे करून थांबतो, वाहून येणारं आयतं खायला. आपण उजेडाच्या कोणत्या बाजूला उभे आहोत ते बघायचं, सावली पाण्यावर पडली की संपलं. दोन-चार मासे लागले. धोंड्याखालच्या खेकडीला काळूनं उलटं करून पाहिलं. पोटाच्या झडपेखाली बारीक पिल्लं वळवळत होती. तिला त्यानं परत सोडलं.

याचा अर्थ वाडीतले सगळे संत आहेत असा नाही. पहिल्या पुराला नदीतले मासे अंडी घालायला शेतांकडे चढतात, त्या वलगणीला अख्खं गाव टोपल्या-जाळी घेऊन पाण्यात उतरतं आणि अंड्यांनी फुगलेले मासेही सोडत नाही. पूर्वी गेळाची फळं ठेचून डोहात टाकायचे, हल्ली काही जण ब्लीचिंग पावडर ओततात आणि डोहाचा डोह मारतात. बुधीआजी त्यांना उघड शिव्या घालते. फरक इतकाच की तिला, आणि ओतणाऱ्यालाही, पुढच्या वर्षी त्याच डोहाशी जायचं असतं. निखिलच्या व्हिडिओवरून आलेल्यांना परत यायचंच नव्हतं.

पावसाळ्यात निखिल जमेल तसा येत राहिला. शिकवा म्हणणं त्यानं सोडलं, मोळी उचलू लागला. चैत्रात मुद्दाम रजा काढून आला आणि सुनेबरोबर डोंगरावर फाटी गोळा केली. दुसऱ्या दिवशी त्याला खांदा हलवता येत नव्हता. आईपाशी बसून, तेलाचे हात करून, शेवळं साफ करायला शिकला. बाजारातून आणलेल्या शेवळांवर शिकला, हे सांगायला हवं, कारण पुढच्या जूनमध्ये तो उतार जवळजवळ मोकळाच होता. उरलेल्या कंदांचे तुरळक कोंब आले, ते आजीनं कोणालाच काढू दिले नाहीत. लावलेल्या लहान कंदांना पावसात पानं आली, फूल एकालाही नाही. कंद पुरेसा पोसल्याशिवाय फुलत नाही आणि त्याला किती पावसाळे लागतील ते कंदाच्या आकारावर. आजीनं याबद्दल ना समाधान दाखवलं ना तक्रार केली. "जगल्यात," एवढंच म्हणाली.

ती आता शेवळांसाठी आणखी पलीकडच्या डोंगरावर जाते. वाट लांबची आहे, म्हणून जुडी महाग झाली. काळूला तो डोंगर माहीत आहे. निखिलला आजीनं तो दाखवलेला नाही, आणि त्यानंही विचारलेलं नाही.

तुम्हाला शेवळं हवी असतील तर जूनच्या पहिल्या पंधरवड्यात कर्जत मार्गावरच्या स्टेशनांबाहेर सकाळी लवकर मिळतात. काकडं सोबत मागून घ्या, साफ कशी करायची ते तिथल्या तिथे विचारा, आणि भावात घासाघीस करू नका.